केना

पहिला फोटो चुकून निघाला.
सयाजी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये
बिलाचा कागद स्कूटरच्या सीटवर पसरून टिपत होते,
तर कोपऱ्यात एकदांडी आली,
फरशीच्या फटीतून मान उंच करून.
तिलाही कळायला हवं होतं
एकूण किती झाले.

त्या रात्री जयसिंग झोपल्यावर
(झोपला म्हणजे डोळे मिटून पडला)
रक्कम वाचायला फोटो मोठा केला
आणि बोट घसरून फुलावर गेलं.
पाच पाकळ्या, प्रत्येकीला टोकाशी तीन दाते,
लहान मुलाने कात्री चालवल्यासारखे.
रक्कम बघायची राहिली.

मग मांजलपूरच्या आमच्या परसात
सकाळी सहाला, कुकर लावायच्या आधी,
मी गुडघे टेकायला लागले.
परस म्हणजे काय, दहा बाय सात.
धुण्याचा दगड, मोडकी सायकल, पाण्याची टाकी
आणि टाकीच्या गळतीवर जगणारं एक हिरवं खेडं.
केना तिथे उगवतो. निळा.
इतका निळा की फोनला पटत नाही,
तो त्याला जांभळा करून टाकतो.
मी हाताची सावली धरते, कोन बदलते, श्वास रोखते.
श्वास रोखलेला असताना
पांढऱ्या पेशींचा आकडा आठवत नाही.
हे मी करून पाहिलेलं आहे.

दहापर्यंत तो विरघळतो, शाईसारखा, स्वतःतच.
म्हणून घाई.
पण या घाईला टोकन नंबर नसतो.

रंजनबेन भिंतीवरून बघतात.
"शुं करो छो, बेन? कंई खोवायुं?"
काही हरवलं का.
सुचलं ते म्हटलं, हो, कानातलं.
तेव्हापासून रोज विचारतात, जड्युं?
आता तर पदर खोचून शोधायलाही येतात.
परवा गोकर्णाच्या वेलाखाली
माझं न हरवलेलं कानातलं शोधता शोधता
त्यांनी मला भुईआवळीचं फूल दाखवलं,
पानाच्या पोटाशी, मोहरीहून लहान.
दोघींचे चष्मे एकमेकांवर आपटले.

काल डॉक्टर भावसार म्हणाले, मागचा स्कॅन दाखवा.
मी फोन पुढे केला. त्यांचं बोट सरकू लागलं :
प्लेटलेट, केना, केना, क्रिएटिनिन,
विश्वामित्रीच्या काठावरची घाणेरी,
विमा कंपनीचं 'आम्हांस खेद आहे',
धोत्र्याची कळी, मिटलेल्या छत्रीसारखी,
पुन्हा केना.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ते सदाफुलीवर थांबले.
म्हणाले, यांना जे सलाईनमधून देतोय ना,
त्यातलं एक औषध मुळात हिच्यातूनच निघालं.
जयसिंगने माझ्याकडे असं बघितलं,
जणू इतके दिवस मी आणि ती बारमासी
मिळून काहीतरी शिजवत होतो.

असेलही.
पण मला ते आवडलं नाही, खरं सांगते.
सकाळी ती माझ्यासमोर असते
तेव्हा तिच्याकडे काही काम नसतं.
या घरात निदान एकीला तरी
उपयोगी पडायची सक्ती नसू दे.

आज फोन म्हणाला, जागा संपली, काहीतरी पुसा.
मी मार्चची बिलं पुसली. मग घाबरून परत आणली.
केन्याचे सव्वीस फोटो, सगळे सारखे,
त्यातला एकही पुसवेना.

रात्री एक फोटो आला, जयसिंगच्या फोनवरून,
म्हणजे पलीकडच्या खोलीतून.
खिडकीच्या गजांमधून काढलेला, हात हललेला.
माझी पाठ, गाऊनला लागलेला चिखल,
शेजारी रंजनबेन,
दोघी वाकून काहीतरी शोधतोय.
खाली काही लिहिलेलं नाही.
मी बोटांनी मोठा करून बघितला, कोपरान् कोपरा.
फूल त्यात एकही नाही.
केना बहुतेक माझ्या टाचेखाली आहे.