बालवाडीतल्या खुर्च्या

गुत्त्याची वाट मी कधी कुणाला विचारली नाही.
पावलांनाच ठाऊक होती,
अमावस्येलासुद्धा.

ही विचारावी लागली.
वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यातला अंतोन
लादी फोडता फोडता, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"गुरुवारी. सातला. बालवाडीच्या मागच्या दाराने."
आणि टोपलीत बर्फ जरा जास्तच टाकला.

दोन गुरुवार मी बाहेर सुरूखाली उभा राहिलो.
आत कुणीतरी मोठ्याने हसत होतं.
हसतात?
मला वाटलं होतं, रडत असतील.

तिसऱ्या गुरुवारी आत गेलो
तर खुर्च्या पोरांच्या, लाल-पिवळ्या,
गुडघे हनुवटीला टेकलेले आठ बाप्ये,
पोस्टातल्या एक बाई,
भिंतीवर अ अननसाचा,
आणि किटली घेऊन उभा पास्कू,
ज्याचं नवंकोरं जाळं विकून
मी आठवडाभर प्यालो होतो.

दार मागेच होतं. उघडंच.

"बस रे," तो म्हणाला. "जाळ्याचा मागीर बघूया.
साखर किती?"

मग नाव सांगायची पाळी आली.
सगुण केळुसकर.
असं पूर्ण नाव मी शेवटचं उच्चारलं होतं
पोलीस ठाण्यात, हवालदाराने दोनदा दरडावल्यावर.
इथे ते सांगताना घसा खरखरला
आणि पुढे कुणी काही विचारलंच नाही.
चहा मात्र फार गोड होता.

घरी पोचलो. शेवंतीने दारातच
सवयीने तोंडाचा वास घेतला.
गवती चहा.
पुन्हा घेतला.