ऐंशीला काढ

सिनाझोंग्वेच्या बाजारात, सुक्या कापेंता मासळीच्या ढिगाशेजारी
माझं टेबल. वर पत्रा, पत्र्यावर दोन सोलर पॅनेल,
खाली गावाचे फोन, एका वायरीला सात,
डुकरीला बिलगलेल्या पिलांसारखे.

मुतिंता लॅपटॉप चितेंगेत गुंडाळून आली,
तापलेलं मूल आणावं तशी.
म्हणाली, चाळीस मिनिटांत मान टाकतो.
मी पाठ उघडली. सहा सेल, सगळे दमलेले.
नवी बॅटरी लुसाकात. किंमत दोन शेळ्या.
तिच्याकडे एक, तीही गाभण.

मग जे फुकट असतं तेच सांगत बसलो.
शंभरापर्यंत भरू नकोस, ऐंशीला काढ;
तडस लागेस्तोवर खाणारा माणूससुद्धा टिकत नाही.
विसाच्या खाली उतरू देऊ नकोस,
रोज तळ खरवडला की भांडंच झिजतं.
उन्हात ठेवू नकोस. मांडीवर तर नकोच.
उजेड कमी कर. अजून कमी.
वायफाय बंद. इथे कुठलं वायफाय, म्हणाली.
म्हटलं, म्हणूनच. नसलेलं शोधण्यातच
जास्त दम जातो.

लिहितेस काय?
गावं, म्हणाली. तळ्याखालची.

तिचा आजा सिमुएम्बा ट्रक आले तेव्हा बारा वर्षांचा होता.
आता ऐंशीला टेकलाय. दिवसा त्याला काही आठवत नाही.
अंधारलं की एकेक वाट वर येते,
ओढा, ओढ्यापलीकडचं उंबराचं झाड,
कोणाची झोपडी, कोणाचं थडगं, कोण कोणाला काय बोललं.
धरणाची वीज आमच्या डोक्यावरून जाते,
खांब आमच्या शेतात, दिवे दुसऱ्यांच्या घरात.
वारा सुटला की तारा गुणगुणतात, एवढाच आमचा वाटा.

पोरगी नियमाची पक्की.
एकवीस झाले की म्हणायची, आजोबा, उद्या.
तो अर्ध्या गावात तोंड मिटायचा,
एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.
पावसाळा गेला, मका निघाला, बॅटरी तगली.
मी चारचौघांत तिचं उदाहरण द्यायचो.

मग एक दिवस दुकान उघडायच्या आधीच दारात.
डोळे सुजलेले. लॅपटॉप काळाठिक्कर.
तुमचं ऐकलं नाही, म्हणाली.

काल तो स्वतःच्या गावात शिरला.
इतकी वर्षं सगळी गावं सांगितली, ते एक टाळलं होतं.
वीस झाले. मी बोलले नाही.
चौदा. नऊ. उजेड इतका कमी केला
की पडदा आणि रात्र एकच झाली.
बोटांवर विसंबून टाइप करत राहिले.
कधी बंद पडला कळलंच नाही.
कळल्यावरही बटणं दाबत राहिले, टकटक, टकटक,
थांबले असते तर तोही थांबला असता.
कोंबडा आरवेपर्यंत.

मी वायर लावली. बराच वेळ काही नाही.
मासळीवाली दोनदा विचारून गेली.
मग कडेचा ठिपका पेटला, पिवळा.

फाइल उघडली. शेवटच्या ओळी सगळ्या सरकलेल्या,
बोटं एक घर डावीकडे गेलेली,
कुठल्याच भाषेत नसलेले शब्द.
ती कीबोर्डवर बोट ठेवून एकेक अक्षर उजवीकडे नेत गेली,
सुपातला दाणा सरकवावा तसं,
आणि ओठांतल्या ओठांत वाचू लागली.
तिथपर्यंतचं होतं. त्यापुढचं
तिच्या कानात होतं, तिनं तिथेच बसून लिहायला घेतलं.

ऐंशी झाले. मी पाहिलं.
ऐंशीच्या पुढे आकडा चढत गेला.
ब्याण्णव. सत्त्याण्णव.
माझा हात वायरीपर्यंत गेला आणि
तिथल्या एका फोनची धूळ पुसून परत आला.