कडी काढलेली

शहाद्यात रात्री साडेअकरा.
मोबाईलवर राणीछाप रुपया, पारदर्शक डबीत बंद,
ग्रेड बासष्ट, चौदा हजार.
पुखराजकाका शहाबादी फरशीवर नाणं टाकायचे:
"वाजाडी दख, मंग ले."
ही डबी कशी वाजवू?

दोन बोटांनी फोटो ताणतो.
गालावरची झीज, केसांतल्या रेघा;
ही चकाकी टाकसाळीची
की चिंचेनं घासून आणलेली?

खाली त्याच वर्षाचा दुसरा, साडेतीन हजारांत.
ग्रेडच्या जागी नुसतं: कडी काढलेली.

मुकुटाच्या वर, बाराच्या काट्यापाशी
झाळल्याची खूण, ज्वारीच्या दाण्याएवढी.
धडगावच्या बाजारात पाहिलेत असे हार
पावरा बायांच्या गळ्यात,
बाई दिसायच्या आधी ऐकू येणारे.
मागची बाजू पार गुळगुळीत.
तिकडे कातडी होती.

कुणी मोडला, कुठल्या दवाखान्यापायी,
ते प्रमाणपत्रात नाही.
बासष्टवाला कुणाच्या अंगाला लागलाच नाही,
त्याचे चौदा हजार.

वजन लिहिलंय अकरा पूर्णांक चार.
हवं होतं अकरा सहासष्ट.
पाव ग्रॅम चांदी
तिकडेच राहिली, सातपुड्यात.

विकणाऱ्याला मेसेज टाकला:
डबी फोडून पाठवाल का?