एक पाटी, एक बिल्ला

चोवीस वर्षं मी खाणीवर मस्टर लिहिलं,
म्हणून निशादबाबांची माणसं माझ्याकडे आली.
म्हणाली, काका, जुनी नावं तुम्हालाच ठाऊक,
पाटी वाहिलेली एखादी बाई हयात आहे का?
मी म्हटलं, सुकांती गावडे.
माझ्या नातवाचा अर्ज त्यांच्या ऑफिसात पडून होता,
हेही इथेच सांगून टाकतो.

निशादबाब आले ते गाडी देवळामागे ठेवून,
शंभर पावलं चालत.
पायात रबरी सपाता, नव्या,
तळाला किमतीची चिठ्ठी तशीच.
शर्ट जुना दिसावा असा शिवलेला.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली
की लाल धूळही मिळेना;
शेवटी एका पोराने माझ्या पडवीच्या कौलांवरून
मूठभर खरवडून आणली
आणि बाबांच्या खांद्यांवर
टाल्कम पावडरीसारखी शिंपडली.

पाटीत खाली पेंढा. वर दोन ओंजळी खनिज.

त्यांनी ती तशीच डोक्यावर घेतली, चुंबळीवाचून.
आणि सुकांती, जी एवढा वेळ
कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती,
चटकन पुढे झाली.
खांद्यावरचा पंचा ओढला, पिळला, वेटोळं केलं,
बाबांच्या केसांवर बसवलं, वर पाटी ठेवली,
दोन बोटांनी हनुवटी उचलली:
"खाली बघू नको रे. पाय वाट ओळखतात.
पहिल्या दिवशी सगळ्यांचीच मान दुखते."
एवढं मऊ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.
मीही कधी तिला बस म्हटलं नव्हतं.
खिडकीतून अंगठा घ्यायचा, की पुढची.

बाब चालले. अठरा पावलं. मी मोजली, सवयच ती.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग ती आत गेली आणि मिठाच्या बरणीमागून
एक पितळी बिल्ला आणून त्यांच्या तळहातावर ठेवला.
नियमच होता तो: एका पाटीला एक बिल्ला,
शनिवारी खिडकीवर द्यायचा, पंधरा पैसे घ्यायचे.
हा एक राहिला होता,
कारण त्या शनिवारी ती बाळंत झाली
आणि पुढच्या शनिवारी मीच तिला सांगितलं,
मागच्या आठवड्याचा हिशोब मिटला.

निशादबाबांनी बिल्ला कपाळाला लावला.
त्यावरची दोन अक्षरं त्यांच्याच आजोबांची.

परवा डिचोलीच्या बाजाराजवळ सभा झाली.
त्यांनी तो माईकसमोर धरला.
"हांव तुमचोच," म्हणाले, जरा अडखळत,
"हा माझ्या आजोबांच्या घामाचा बिल्ला.
आम्ही तो देवापाशी ठेवलाय."
गर्दीत कुणाला तरी रडू आलं. खोटं नव्हतं ते रडू.
आजोबांना मी पाहिलंय. पांढरा कोट,
नाकाला रुमाल, जीपमधून न उतरता
विचारायचे, आज किती पाट्या?
घाम त्यांनाही यायचा, नाही असं नाही.

सभा सुटल्यावर सुकांतीला सांगायला गेलो.
अंगणात ती तिरफळं वाळत घालत होती.
वाटलं, चिडेल.
"एक पाटी उचलली, एक बिल्ला मिळाला," म्हणाली,
"त्यात वावगं काय?"
बऱ्याच वेळाने, काड्या निवडता निवडता:
"त्याचे पैसे कोण देणार, ते त्याचं तो बघेल.
माझे पंधरा पैसे मात्र, मस्टरबाब,
तुझ्याकडे आहेत."