उजवा खिसा

मामोलेमो उजवा खिसा शिवते, मी डावा.
तासाला नव्वद. जीन्स कुठल्या देशात जाते
ते खोक्यावर छापलेलं असतं,
वाचायला मान वर करावी लागते.

लग्नात तिचं नाव बदललं,
मूल व्हायच्या आधीच मुलाची आई.
सासऱ्याने बोहालीच्या वीस गाई कबूल केल्या,
दिल्या अकरा. राहिलेल्या नऊ
दोन घरांच्या मध्ये उभ्या आहेत अजून,
ना चरत, ना मरत.

त्सेलिसो तेव्हा नदीपलीकडे खाणीत,
जमिनीखाली दोन किलोमीटर.
सुटीला यायचा तेव्हा नवं ब्लँकेट, नवा रेडिओ,
अख्ख्या चाळीच्या पोरांना बिस्किटं.
मलाही हसून विचारायचा, कशी आहेस.
मग खाणीने त्याला एक कागद दिला.
हेल्मेट आणलं त्याने, ते खिळ्याला आहे.
एकदा तिने त्यात कांदे ठेवले.

एवढ्यावरून.

मापुत्सोएत दगड मारला तर शिवणाऱ्या बाईला लागतो
आणि उंबऱ्यावर बसलेल्या पुरुषाला.
पगार तिच्या फोनवर येतो, पिन त्याला पाठ.
ओव्हरटाइमला थांबली तर कुणासोबत होतीस,
नाही थांबली तर पैसे का कमी.
भाऊ म्हणाला, गाई तर खाऊन झाल्या, ताई,
परत कुठून देऊ?
मुखिया म्हणाला, त्याला काम मिळालं की निवळेल.
आमच्या खोल्यांमधली भिंत एका विटेची.
मी काय केलं?
रेडिओ मोठा केला.

ऑगस्टपासून ती ओव्हरटाइमचे सुटे पैसे
माझ्याकडे ठेवायला लागली.
मक्याच्या पिठाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात बांधून.
आईच्या गावापर्यंतचं भाडं,
तिचं आणि पोराचं, डोंगरातल्या दोन टॅक्सी.
मी मोजून घ्यायचे. ती मोजायची नाही.

ऑक्टोबरात कात्लेहोला शाळेने दारात उभं केलं.
मी डब्यात हात घातला.
पुढच्या पगाराला भरेन म्हटलं.
पुढच्या पगाराला घरमालक आला.

त्या रात्री भिंतीवर तीनदा टकटक झाली.
रेडिओ बंदच होता.
मी दार उघडलं. तिने पोराला पाठीशी बांधलं होतं,
एका पायात चप्पल.
डबा मी तिच्यासमोरच उपडा केला,
पीठ पडलं, पीठच पडलं.
ती ओरडली असती तर बरं होतं.
"असू दे," म्हणाली, आणि परत गेली.
आपण होऊन गेली, मी पाहिलं.

सोमवारी मशीनवर होती.
उजवी मनगटं सुजून दंडाएवढं,
सुपरवायझरला सांगितलं, पाण्याचा पिंप उचलताना.
मी तिच्या बाजूचा गठ्ठा ओढून घेतला,
दिवसभर दोन्ही खिसे शिवले.
तिने नको म्हटलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.
सुपरवायझरने सगळे खिसे
माझ्या नावापुढे लिहिले.

शुक्रवारी फोन वाजला.
छत्तीस लोती जास्त.