शंभर खुर्च्या

हॅलिफॅक्सहून परतताना मरे एकच वाक्य बोलला,
"पेट्रोल चार सेंटांनी चढलं."
सव्वा तासाचा रस्ता, डाव्या हाताला अधूनमधून समुद्र,
आणि मी मांडीवर फाइल धरून बसलेली,
काठोकाठ भरलेलं पातेलं सांभाळावं तशी.

पीएसए अकरा. ग्लीसन तीन अधिक चार.
म्हणजे सात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पण चार अधिक तीन असते तर ते सात निराळे.
शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

किती वर्षं, हे त्यानं विचारलं नाही.
मी विचारलं.
बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला.
"यांच्यासारखे शंभर पुरुष घेऊ.
दहा वर्षांनी त्यातले चार या आजारानं गेलेले असतील,
सव्वीसेक दुसऱ्या कशानं तरी. हृदय, पडणं, न्यूमोनिया.
बाकीचे असतील."
असतील.
कसे, ते त्या दिवशी राहूनच गेलं.

मरेनं पन्नास वर्षं बोटींच्या दोरांना गाठी मारल्या.
मेली तरी सुटू नये अशी एक,
आणि एका झटक्यात सुटावी अशी एक, दोन्ही त्याच्या बोटांत.
"ही कुठल्या जातीची?" त्यानं विचारलं.
"सावकाश जातीची," बाई म्हणाल्या. "तूर्त लक्ष ठेवू."
त्यानं मान हलवली, जसा तो हवामानाच्या बातम्यांना हलवतो.

शनिवारी आगबंबवाल्यांच्या हॉलमध्ये गावजेवण.
खुर्च्या मांडायचं काम एकोणीस वर्षं मरेकडे.
मी आंबवलेल्या कोबीचा डबा घेऊन लवकर पोचले
तर हा मधोमध उभा, कोटसुद्धा न काढता.
शंभर खुर्च्या मांडून झालेल्या, दहा गुणिले दहा.
मग त्यानं एक मिटली.
लोखंडाचा तो खट्ट आवाज.
दुसरी. तिसरी. चौथी.
चारही वेगळ्या, खिडकीखाली टेकवल्या.
मग पुढच्या, भराभर, सव्वीस, भिंतीशी ढीग.
मी दारातच. डबा जड होत चाललेला.

उरल्या सत्तर.
त्यांच्यामधून तो हिंडला, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत,
गिऱ्हाईक बाजारात कोबी दाबून बघतं तसा.
"व्हर्ना," न वळता म्हणाला, "यात माझी कुठली, ते नाही सांगितलं तिनं."
मला काहीतरी म्हणायचं होतं.
मी म्हटलं, "कोबी कुठे ठेवू?"

साडेपाचला माणसं आली.
दरवर्षी पन्नास-साठ यायची, यंदा पूल दुरुस्त झालेला,
पलीकडच्या काठाचेही आले.
हॅम संपत आलं, पोरं टेबलाखाली,
आणि कुणीतरी ओरडलं, "खुर्च्या कमी पडतायत!"
हिमेलमनांच्या थोरल्यानं भिंतीचा ढीग उपसला,
खट्ट, खट्ट, खट्ट, उलट्या बाजूनं तोच आवाज.
खिडकीखालच्या चारही उघडल्या.
त्यातल्या एकीवर डॉरिनची सून बसली, तान्हं पोर घेऊन,
आणि तिथेच त्याला पाजायला लागली.

मी मरेकडे पाहिलं.
तो उभाच होता, हातात कॉफीची किटली.
सगळ्यांना वाढून झाल्यावर
त्याला बसायला जागाच नव्हती.
हसला. गुरुवारनंतर पहिल्यांदा.
मग सोड्याचा रिकामा क्रेट पालथा घालून
माझ्या गुडघ्यांशी बसला, ताट मांडीवर,
आणि माझ्या ताटातला बटाटा न विचारता उचलला.

आता तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.
छप्पर गळतंय. छपरवाला विचारतो,
पंधरा वर्षांचं टाकू की तीसचं?
मरे म्हणतो, तीसचं महाग आहे.
मी म्हणते, विचार कर.

रात्री तो दोनदा उठतो, कधी तीनदा.
बाथरूमचा दिवा, मग बराच वेळ काही नाही,
मग एकदाचं पाणी.
मी मोजत नाही, असं त्याला सांगितलंय.
अंथरुणात परततो तेव्हा पावलं बर्फासारखी,
आणि तो ती माझ्या पोटऱ्यांना लावतो,
चाळीस वर्षांच्या हक्कानं.
मी ओरडते.