नंबराच्या जागी

हर्णै बंदरावर माझं फ्रेमचं दुकान.
देव, लग्नं आणि तोडणकर मास्तरांच्या होड्या,
सगळ्यांना खिळे एकाच डब्यातले.

मास्तर मासळीच्या लिलावाच्या वेळी यायचे,
पालथ्या टोपलीवर बसायचे,
रंगाला पाणी घ्यायचे थेट लाटेतलं.
म्हणून त्यांच्या कागदांत मीठ आहे.
जुलैत काचेआड ओल धरतात,
ओहोटीची रेघ जराशी सरकते.
गिऱ्हाईक कुरकुरतं. मी म्हणतो, समुद्रच आहे तो.

पांढरा रंग त्यांच्या पेटीत नव्हताच.
फेस म्हणजे कोरा कागद,
बगळा म्हणजे कोरा कागद,
शिडावरचं ऊनसुद्धा.
"पांढरं आधी ठरवून सोडायचं असतं," म्हणायचे,
"मागून देता येत नाही."

नारळीपौर्णिमेनंतर आठवड्यात
बाळोजी चोगलेची होडी खडकावर फुटली.
माणसं पोहत आली. मोबाईल होडीबरोबर गेला.
ऑफिसात फोटो मागितला, नंबर दिसणारा.

बाळोजी माझ्या दुकानात उभा,
भिंतीवरच्या चित्रासमोर, पायांतून वाळू गळत.
होडी तीच. नाळेला सुकलेला झेंडू,
डाव्या कुशीवर निळं ठिगळ,
त्याच्या बापानं दाराच्या उरलेल्या रंगानं मारलेलं.
आणि नंबराच्या जागी
एक कोरी पट्टी.

मास्तरांना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून
ते बराच वेळ बघत राहिले.
"तेव्हा लाट उडाली होती रे. नंबर दिसत नव्हता."
"मग आता लिहा. मला पाठ आहे,"
बाळोजी म्हणाला, आणि आकडे सांगू लागला
पोराचं नाव शाळेत घालताना सांगावं तसे.

मास्तरांनी ब्रश काढला नाही.
माझ्या बिलबुकातलं बॉलपेन मागितलं
आणि कागद फाटेल इतकं दाबून
फेसावर नंबर लिहिला.
सात थोडा वाकडा आला.

ऑफिसनं चित्र चालवलं नाही.
परत आलं तेव्हा आभाळात,
सुवर्णदुर्गाच्या बरोबर वर,
जांभळा गोल शिक्का होता: आवक, आणि तारीख.

मी तो शिक्का धरूनच फ्रेम केली.
बाळोजीच्या ओटीवर लावून आलो.
फ्रेमचे पैसे घेतले नाहीत. खिळ्याचे घेतले,
तो ऐकेना म्हणून.

यंदा जुलैत सहज डोकावलो.
समुद्र बोटभर खाली आलाय,
ठिगळाचा निळा पाण्यात उतरलाय.
बॉलपेन मात्र जागचं हललेलं नाही.